वाहतुकीच्या खेळात बॉटची स्पर्धा घ्यायचीय? ओपनटीटीडी, हॅश कोड की फ्लॅटलँड

कॉलेजच्या क्लबासाठी किंवा ऑफिसातल्या टीमसाठी वाहतुकीवरची कोडिंग स्पर्धा घ्यायचं ठरलं, की लोक आधी बस की ट्रेन यावर भांडतात. ते नंतर बघता येईल. आधी एवढंच ठरवा, की एका बॉटला (स्पर्धकाने लिहिलेल्या, स्वतःच खेळणाऱ्या प्रोग्रामला) दुसऱ्याच्या कामात लुडबूड करता येणार की नाही. नियमांचा तोल जवळजवळ सगळा त्यावर अवलंबून असतो. तयार मिळणारे तीन नमुने या एका बाबतीत एकमेकांपासून पार वेगळे आहेत, म्हणून तेच शेजारी शेजारी ठेवतो.

ओपनटीटीडी हा वाहतूक कंपनी चालवण्याचा खेळ. त्यात सगळे एकाच नकाशावर असतात आणि एकमेकांच्या पोटावर पाय देऊ शकतात. १९९५ च्या ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्सची ही मुक्तस्रोत आवृत्ती २००४ मध्ये आली. २००९ च्या ०.७.० आवृत्तीपासून स्क्विरल या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःची कंपनी चालवणारा बॉट लिहिता येतो, आणि एका खेळात १५ कंपन्या उतरू शकतात. तिची एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक बॉटला एका टिकमध्ये, म्हणजे खेळाच्या घड्याळाच्या एका ठोक्यात, ठरावीक ऑपकोडच (प्रोग्रामच्या छोट्या छोट्या सूचना) मिळतात, मूळ सेटिंग १०,००० चं. ते संपले की बॉट पुढच्या टिकपर्यंत थांबतो. म्हणजे भारी लॅपटॉपवाल्याला फायदा नाही, आणि मार्ग शोधायला वेळखाऊ अल्गोरिदम वापरला तर तेवढ्यात शेजारच्या कंपनीने कोळशाची खाण गाठलेली असते. विचार करायची किंमत खेळातल्याच वेळात मोजायची, ही कल्पना तुम्ही कुठलाही खेळ बनवलात तरी उचलण्यासारखी आहे.

पण मूळ सेटिंगवर स्पर्धा घेऊ नका. पहिली अडचण विमानांची. दोन विमानतळ बांधले की झालं. रूळ नको, पूल नको, सिग्नल नको. भाडं अंतरावर मिळतं, त्यामुळे नकाशाच्या दोन टोकांची मोठी शहरं जोडणारा शंभर ओळींचा बॉट, महिनाभर खपून रेल्वेचं जाळं विणणाऱ्या बॉटला सुरुवातीच्या वर्षांत सहज मागे टाकू शकतो. बॉटसाठी विमानं बंद करायची सेटिंग आहे, ती वापरा. दुसरी अडचण नगरपालिकेची. पैसे मोजून शहरात वर्षभराचे एकाधिकार विकत घेता येतात, आणि रस्तादुरुस्तीला पैसे देऊन सहा महिने शहरातली वाहतूक खोळंबवता येते. लाच देण्याचीही सोय आहे. मित्रांबरोबर खेळताना हे सगळं धमाल वाटतं. बॉटच्या स्पर्धेत मात्र श्रीमंत आणखी श्रीमंत होतो आणि मागे पडलेला कायमचा मागे राहतो. या तिन्ही गोष्टी बंद करता येतात.

स्टेशनांची चढाओढ मात्र राहू द्या. एकाच खाणीपाशी दोन कंपन्यांची स्टेशनं असतील तर माल त्यांच्या रेटिंगप्रमाणे वाटला जातो, आणि रेटिंग गाडीचा वेग, मागची गाडी येऊन किती दिवस झाले, किती माल पडून आहे अशा गोष्टींवर ठरतं. म्हणजे दुसऱ्याचा माल पळवायचा तर त्याच्याहून चांगली सेवा द्यावी लागते. अशी लुडबूड हवीच.

आता गुण. खेळात १००० पैकी मिळणारं कामगिरीचं मूल्यमापन तयार आहे, आणि तेच वापरायचा मोह होतो. त्यातले ४०० गुण पोचवलेल्या मालाच्या नगांना आहेत, ४०,००० नगांना पूर्ण. अंतराचा तिथे संबंधच नाही. १२० वाहनं आणि ८० स्टेशनं झाली की त्या दोन रकान्यांचे गुणही पुरे होतात. म्हणजे हे मोजमाप जवळच्या जवळ ढीगभर माल टाकणाऱ्याला वर काढतं. त्याउलट नुसती बँकेतली शिल्लक मोजाल, तर शेवटच्या वर्षी सगळ्या गाड्या विकून तिजोरी भरणारा बॉट दिसेल, आणि तुमच्या नियमांनुसार त्याचं काही चुकलेलं नसेल. शेवटच्या काही वर्षांच्या चालू नफ्याची सरासरी घ्या, असं माझं मत.

नकाशा आरशासारखा सममित करायच्या भानगडीत पडू नका. इथे कुणाचा ठरलेला तळ नसतो, पूर्ण नकाशा सगळ्यांना खुला असतो. फरक पडतो तो कोण आधी सुरू करतो याने. म्हणून कंपन्या सुरू होण्यातलं अंतर शक्य तितकं कमी ठेवा, आणि एकाच सीडवर (ज्या आकड्यावरून नकाशा तयार होतो तो) क्रम फिरवून पुन्हा खेळवा.

हॅश कोडचा नमुना याच्या अगदी उलट. गूगलची ही स्पर्धा आता बंद आहे, पण तिच्या २०१८ च्या पात्रता फेरीतला स्वयंचलित गाड्यांचा प्रश्न एका संध्याकाळच्या स्पर्धेसाठी अजूनही उत्तम साचा आहे. चौकटींचं शहर, सगळ्या गाड्या शून्य-शून्यवर उभ्या. एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायच्या प्रत्येक प्रवासाला लवकरात लवकर निघायची आणि उशिरात उशिरा पोचायची वेळ दिलेली. वेळेत पोचलात तर अंतराइतके गुण, आणि नेमक्या पहिल्या क्षणी निघाला असाल तर वर बोनस. प्रत्येकाची गणना स्वतंत्र, भाषा कुठलीही, आणि द्यायचं असतं ते उत्तर, कोड नव्हे. त्यामुळे परीक्षकाचा प्रोग्राम एका रात्रीत लिहून होतो.

इथला तोल गुणांच्या सूत्रात नसून माहितीसंचांत, म्हणजे सोडवायला दिलेल्या वेगवेगळ्या शहरांच्या आणि प्रवासांच्या याद्यांत आहे. सूत्र एकच, पण एका संचात मुदती सैल, तर दुसऱ्यात बोनस इतका मोठा की धावण्यापेक्षा दारात थांबून राहणं परवडतं. एकाच युक्तीवर पाचही संच निघत नाहीत. गोची बेरजेत आहे. नमुना संचाच्या दाखवलेल्या उत्तराला १० गुण, तर मोठ्या संचांत चांगल्या उत्तराला कोटीच्या वर. सरळ बेरीज केली तर लहान संच कुणी सोडवलाच नाही तरी चालतं. म्हणून प्रत्येक संचात सर्वोत्तम उत्तराच्या तुलनेत टक्के द्या. मग दुसऱ्याने चांगलं उत्तर दिलं की तुमचे गुण घसरतात, हे मात्र स्पर्धकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर तक्रारी येतात.

एक उणीव राहतेच: या शहरात कोंडीच होत नाही. हजार गाड्या एका चौकात आल्या तरी कुणी कुणाला अडवत नाही. कोंडी हवी असेल तर २०२१ चा सिग्नलच्या वेळा ठरवण्याचा प्रश्न घ्या. त्यात गाड्या खरोखर रांगेत थांबतात, पण त्यांचे मार्ग तुमच्या हातात नसतात.

फ्लॅटलँड या दोघांच्या मधलं. रुळांच्या जाळ्यावर अनेक गाड्या आपापल्या ठिकाणी पोचवायची, स्विस रेल्वेने पुढाकार घेतलेली ही स्पर्धा २०१९ मध्ये सुरू झाली. एका चौकटीत एकच गाडी, मागे वळायची सोय नाही, अधूनमधून अचानक बिघाड. इथे गाड्या एकमेकींना अडवतात, पण त्या सगळ्या तुमच्याच असतात. रुळांवरच्या कोंडीचं गणित इतकं नेटकं दुसरीकडे मिळणार नाही. मात्र हे पायथनमध्ये आहे आणि मशिन लर्निंगवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून केलेलं आहे; नवख्यांना दोन-तीन दिवस नुसतं समजून घ्यायला लागतात. आणि २०२० मध्ये पहिली आली ती मशिन लर्निंगने शिकणारी नव्हे, तर मार्गांचं आधी नियोजन करणारी पद्धत. तुमच्या गटाला न्यूरल नेटवर्कच चालवून बघायचं असेल, तर ही गोष्ट निवडीआधीच सांगा.

पहिल्यांदाच घेत असाल आणि हाताशी चारच तास असतील तर हॅश कोडचा साचा घ्या, टक्केवारीच्या गुणांसह. महिनाभर असेल, सर्व्हर सांभाळायला कुणी तयार असेल आणि लोकांना अंतिम सामना मोठ्या पडद्यावर बघायचा असेल, तर ओपनटीटीडीला तोड नाही. बारा मिनिटांच्या आसपास खेळातलं एक वर्ष सरतं, त्यामुळे दहा वर्षांचा सामना दोन तासांत बसतो. फ्लॅटलँड त्या गटाला द्या, ज्याला जिंकण्याहून प्रश्नात रस आहे.

कुठलाही निवडा, सेटिंगची फाइल आणि काही सीड पहिल्या दिवशीच सगळ्यांना द्या, आणि अंतिम फेरीचे सीड शेवटपर्यंत झाकून ठेवा.