‘काही नको’ म्हणणाऱ्यांसाठी बिडाचा तवा

घरात सगळं आहे, साड्या-शर्ट नकोत, मिठाई डॉक्टरांनी बंद केलेली. अशा माणसाला दिवाळीत द्यायला 10 इंची बिडाचा तवा उत्तम, पण तो स्वयंपाकात रमणारा हवा. साधारण दोन किलोचं वजन असतं; मनगट दुखणाऱ्याला तो अजिबात देऊ नका. त्यांच्यासाठी सात खणांचं छोटं आप्पेपात्र बरं.

दुकानात तवा सपाट लादीवर सरळ, बूड खाली करून ठेवा. डुगडुगला तर इंडक्शनवर नीट तापणार नाही. पृष्ठभागावर बोट फिरवा: बारीक खरखर चालते, खड्डे किंवा टोचणारे कंगोरे नकोत. दोन्ही बाजूंना कान असलेला उचलायला सोपा.

कोरा तवा तसाच बांधून देऊ नका, आधी मुरवा. घासून धुवा, गॅसवर पूर्ण कोरडा करा, अर्धा चमचा तेल चोळा आणि मग कोरड्या फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून टाका. धूर येईपर्यंत तापवा, गार करा, असं चारदा. इथंच बहुतेकांचं बिघडतं: तेल जाड राहिलं की चिकट, तपकिरी थर बसतो आणि पहिलाच डोसा ओरबाडून काढावा लागतो.

सोबत चिठ्ठी हवीच: रात्रभर भिजत ठेवू नये, गंजतो. चिंच-टोमॅटोचं काही शिजवू नये, मुरवलेला थर निघतो. धुतल्यावर आचेवर वाळवून तेलाचा हात फिरवावा. नॉनस्टिकचा थर उडाला की तवा टाकावा लागतो. हा गंजला तरी घासून पुन्हा मुरवता येतो.