घुशीसाठी 18 इंची लोखंडी पिंजरा: घ्यावा का?

घ्यावा, पण दुकानात दार तपासून. आणि 'उंदराचा पिंजराच घुशीला चालतो' असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. मोठी घूस नुसत्या अंगाने जवळपास फूटभर, शेपूट साधारण तेवढीच, वजन अर्ध्या किलोच्या वर. लहान पिंजऱ्यात ती आकड्यावरचं आमिष ओढते तेव्हा मागचं अंग बाहेरच असतं. दार पाठीवर आदळतं, ती उलटी सटकते आणि पुढे बरेच दिवस पिंजऱ्याच्या वाटेला जात नाही.

18 इंचीत हा प्रश्न येत नाही. तार जाड आहे, वाकत नाही. खोट आहे ती दारात. काही पिंजऱ्यांत दार नुसत्या स्प्रिंगवर टेकतं, खटका नसतो. घूस नाक घालून ते उचलते. दार बंद करून आतून बोटाने जोरात ढकलून बघा. हललं तर दुसरा पिंजरा मागा.

लावताना घाई नडते. घूस नव्या वस्तूला बिचकते, म्हणून पहिल्या तीन रात्री दार बांधून उघडंच ठेवा आणि आत भजी किंवा सुकट टाका. खाल्लेलं दिसलं की चौथ्या रात्री आकडा लावा. जागा भिंतीला लागून, जिवंत बिळाच्या तोंडापासून दोन-तीन फुटांवर. बीळ जिवंत आहे का, हे ओळखायला संध्याकाळी तोंड मातीने बुजवा; सकाळी उकरलेलं असेल तर तेच.

ब्रोमाडिओलोन या उंदीरमार विषाच्या वड्या पिंजऱ्यापेक्षा सोप्या वाटतात, पण घूस मरायला चार-पाच दिवस लागतात, बिळात मेली की वास सुटतो, आणि मेलेली घूस खाणाऱ्या घुबडा-मांजरालाही विष बाधतं. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घराजवळ अजिबात नकोत. त्यांच्या वायूने माणसं दगावतात. प्लगला लावायच्या अल्ट्रासॉनिक डबीचा आवाज भिंत ओलांडत नाही, मग मातीखाली कुठला पोहोचणार!

पिंजरा हाताळताना रबरी हातमोजे घाला. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) घुशीच्या मुताने पसरतो, पावसाळ्यात तर जास्तच. वापरून झाल्यावर पिंजरा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा.

पाचपैकी साडेतीन. एक गुण दाराचा कापला. उरलेला अर्धा कापला कारण पिंजरा घूस धरतो, बीळ बुजवत नाही, आणि रिकाम्या बिळात दुसरी येते. नुसती माती भरली तर एका रात्रीत उकरते. बिळात फुटक्या काचा आणि खडी ठासून वर 1:2:4 काँक्रीट (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) घाला. कंपाउंडच्या कडेने अर्ध्या इंची भोकांची जीआय वेल्डमेश (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी) दोन फूट खोल पुरा, खालचं टोक फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून. पेव्हर ब्लॉक ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर खाली बीळ आहे; तो उचलूनच भराव करा. फटीतून ओतलेला माल बिळाच्या पहिल्या वळणावरच अडकतो आणि तोच ब्लॉक पावसात पुन्हा खचतो.