'हाय-स्टॉल' म्हणून माझाच जुना कन्व्हर्टर मला रंगवून विकला

81,690 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण "किती गेले?" हे सगळे पहिलं विचारतात, आणि "एवढे दिलेसच कसे?" हे लगेच त्याच्या मागून. एकदम नाही दिले. एकदम कोण मागतो? आधी पंधरा, मग तेवीस, मग ट्रान्सपोर्ट, मग ऑइल.

गाडीचं नाव लिहीत नाही, कंपनीचा यात काडीचा दोष नाही. 2014ची डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही, सेकंडहॅण्ड घेतलेली, मीटर दीड लाखाच्या वर. तारकर्लीच्या बाजूला आमचा छोटा होमस्टे आहे. पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणायचं, पावसाळ्यात आंबोलीला फिरवून आणायचं, ही त्या गाडीची कामं. गेल्या वर्षी ती 50-60च्या वेगाला थरथरायला लागली, रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी. भरल्या गाडीने घाट चढताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायला तयार नसायची. मेस्त्री म्हणाला, टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा डबा) आतला लॉक-अप क्लच, म्हणजे वेगात दोघांना थेट जोडणारा क्लच, गेला असणार. नव्या कन्व्हर्टरचा भाव विचारला तर 1,12,000, फिटिंग वेगळं. एवढ्यात आमच्या एका खोलीचं छप्पर आणि बाथरूम होतं.

अशा वेळी पुतण्याने रील दाखवलं. लालभडक रंगाचा कन्व्हर्टर, मागे ढणढणती गाणी, आणि खाली 'परफॉर्मन्स टॉर्क कन्व्हर्टर, 2800 स्टॉल, पिकअप डबल, मायलेज प्लस'. किंमत 44,500. जुना परत दिला तर 6,000 कमी, म्हणजे 38,500. दुकान घाटावरचं, माणूस बोलायला लाघवी, प्रत्येक वाक्यात "सर". दुकानाचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि वकिलाने तसं बजावलंय.

'2800 स्टॉल' हे ऐकायला भारी वाटतं. त्याचा अर्थ एवढाच की ब्रेक दाबून, डी टाकून, पूर्ण रेस दिली तर इंजिन साधारण 2800 आरपीएमपर्यंत चढेल आणि तिथे अडेल. आत पंप ऑइल फेकतो, त्या ऑइलने टर्बाइन फिरतं, आणि मधला स्टेटर ते ऑइल वळवून सुरुवातीचा जोर जवळजवळ दुप्पट करतो. जोर वरच्या आरपीएमला येतो अशा पेट्रोल गाडीला, तीही रेसला नेत असाल तर, हाय-स्टॉल उपयोगाचा. टर्बो डिझेलचा जोर दीड-दोन हजारालाच येतो. अशा गाडीत हाय-स्टॉल टाकला तर नुसती घसर, ऑइल तापणार आणि मायलेज पडणार. 'पिकअप डबल' आणि 'मायलेज प्लस' एकाच वाक्यात आलं की समोरचा थापा मारतोय, खुशाल समजा.

दुसरी गोष्ट. स्टॉल हा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतो. तोच कन्व्हर्टर कमी जोराच्या इंजिनाला लावला तर स्टॉल खाली येतो, जास्त जोराच्या इंजिनाला लावला तर वर जातो. त्यामुळे खरा कारागीर आधी तुम्हाला भंडावून सोडतो: इंजिनाचा टॉर्क किती, गाडीचं वजन किती, टायर कुठले, घाटात जाता की सपाटीवर? या बाबाने मला एकच प्रश्न विचारला. "गुगल पे की फोन पे, सर?"

15,000 ॲडव्हान्स दिले. मग तो म्हणाला, जुना आधी पाठवा, मोजमाप जुळवून त्याच नंबरचा नवा काढतो. म्हणजे गाडी ऐन मे महिन्यात गॅरेजमध्ये उघडी पडली आणि मी पाहुण्यांना भाड्याच्या गाड्या लावून देत बसलो. ते पैसे 81,690 मध्ये धरलेलेच नाहीत. लाल कन्व्हर्टरचा फोटो आला तसे उरलेले 23,500 पाठवले. जाता-येता ट्रान्सपोर्ट 1,850.

आता ती वेळ सांगतो, जिच्यामुळे अजून रात्री झोप उडते.

मेस्त्री कन्व्हर्टर काढताना एक करतो. फ्लेक्सप्लेट (कन्व्हर्टर बोल्टने जिला बसतो ती इंजिनाकडची प्लेट) आणि कन्व्हर्टर या दोघांवर समोरासमोर पंचने एकेक टिंब मारून ठेवतो, म्हणजे परत बसवताना होता तसाच बसतो. माझ्या जुन्यावरही मारलं होतं. लाल डबा आला, खोका फोडला, ताज्या रंगाचा वास आला. मेस्त्रीने तो फिरवून पाहिला, बोल्टच्या एका भोकाजवळ अंगठा घासला आणि पेट्रोलची चिंधी मागितली. रंग निघाला. खाली टिंब. त्याने बॅटरी जवळ धरली, मग फ्लेक्सप्लेटवरचं टिंब बघितलं, परत याच्यावरचं बघितलं.

"काकानू, ह्यो पंच माझोच."

मी तिथेच उभा होतो, हातात चहाचा कप. मला ऐकू आलं नाही असं नाही. मी लगेच फोन लावला, आणि तो गडी एक सेकंदही अडखळला नाही. "सर, बॅलन्सिंग करताना आम्हीपण मार्क मारतो, सगळेच मारतात." आता सांगा, याला काय म्हणणार? बॅलन्सिंगचे मार्क असतात, हे खरंच आहे. मेस्त्री मान हलवत होता, पण तोही छातीवर हात ठेवून सांगेना. पैसे पूर्ण गेलेले, गाडी उघडी, दोन दिवसांनी पाहुण्यांचा ग्रुप यायचा. माझ्या जागी असता तर तुम्हीही बसवलाच असता. नाही म्हणणाऱ्याने आधी मे महिन्यात होमस्टे चालवून दाखवावा.

पण वेल्ड बघायला हवा होता, आणि हे मात्र लिहून ठेवा. कन्व्हर्टर हा वेल्ड करून बंद केलेला डबा असतो. दुरुस्त करायचा तर लेथवर तो वेल्ड कापून दोन भाग करावे लागतात. आतलं क्लचचं लायनिंग, सील, बेअरिंग बदलून परत वेल्ड, मग लीक टेस्ट, मग बॅलन्सिंग. म्हणजे खरोखर उघडलेल्या डब्याच्या कडेला नवा वेल्ड दिसलाच पाहिजे. माझ्या डब्यावर कंपनीचा मूळ वेल्ड जसाच्या तसा होता, वर रंगाचा जाड थर. म्हणून कुठलाही रिपेअर केलेला कन्व्हर्टर रंगवून घेऊ नका. बिनरंगाचा पाठवा म्हणावं. कापलेल्या अवस्थेतला फोटो मागा, शेजारी कागदावर तुमचा गाडी नंबर लिहून.

फिटिंग 9,000, ऑइल 9 लिटर 780 रुपयांनी 7,020, फिल्टर आणि गॅस्केट 2,400. म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंत 58,770.

आणि गाडी सुरेख चालली! थरथर गायब. मी खूश. त्याने विचारलं म्हणून "एक नंबर काम, बिनधास्त घ्या" असा व्हॉइस मेसेजही पाठवला. खरी गोम अशी की जुनं, जळकं ऑइल गेलं आणि नवं आलं की लॉक-अपची थरथर पुष्कळदा काही काळ थांबते. हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्याचा सगळा धंदा त्या 'काही काळा'वर चालतो. तुमची गाडी अशी थरथरत असेल तर आधी गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच ऑइल बदलून बघा.

मेस्त्रीच्या मनातून मात्र टिंब जात नव्हतं. जुना काढण्यापूर्वी त्याने स्टॉल टेस्ट घेतली होती, काटा 2200ला अडला होता. आता परत घेतली. 2200. (ही टेस्ट पाच सेकंदांच्या वर करायची नाही, ऑइल उकळतं. आणि समोर माणूस उभा करायचा नाही.) परत फोन. उत्तर तयार: "सर, गाडीचा कॉम्प्युटर लिमिट करतो, रिमॅप करून घ्या, म्हणजे कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, आमच्याकडे 14,000." हेही अर्धं खरंच, काही गाड्या उभ्या असताना रेस खरोखर अडवतात. या लोकांची प्रत्येक थाप अर्धी खरी असते. रिमॅप केला नाही, तेवढे 14,000 वाचले.

जुलैत दाणोली सोडून आंबोलीचा घाट चढायला लागलो, गाडीत सहा पाहुणे, बाहेर मुसळधार. अर्ध्या घाटात करपलेला वास, मग डी टाकूनही गाडी नुसती गुरगुरत उभी. पाहुणे भिजत एसटीत चढले. त्यांचे खोलीचे पैसे परत केले, तेही हिशेबाबाहेर. टोइंग 6,500, कन्व्हर्टर परत उतरवायचे 7,000 (मेस्त्रीने 2,000 कमी घेतले, त्याचे उपकार), परत ऑइल 7,020, परत फिल्टर 2,400. झाले 81,690. डबा कापला तर आत लायनिंग पार जळून गेलेलं, सगळे भाग मूळचेच. शेवटी कोल्हापुरात माझ्यासमोर कापून, लायनिंग बदलून, वेल्ड करून घेतला. 17,500. आज गाडी चालते. म्हणजे काम एवढ्याचंच होतं.

आता पोलीस.

ठाण्यात साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माल मिळाला ना तुम्हाला?" मिळाला. "मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." मी म्हटलं, माझाच माल मला विकला हो! "तुमचाच कशावरून?" पंच दाखवला, फोटो दाखवले. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय ते समजावलं. "म्हणजे क्लचप्लेट," असं म्हणून त्यांनी कागदावर क्लचप्लेट लिहिलं. मी म्हटलं, साहेब, क्लचप्लेट नव्हे. "तेच ते हो." मग म्हणाले, दुकान घाटावर, पैसे तिकडे गेले, तिकडच्या ठाण्यात जा. तिकडे गेलो तर म्हणे पैसे तुम्ही घरी बसून पाठवलेत, तिकडे जा. आणि मग एका हवालदाराने खिडकीतून गाडीकडे बघत विचारलं, "पांढरी नंबरप्लेट ना? मग पाहुणे कसे नेता?" आता भाडं मी घेत नाही, ते खोलीच्या पैशात असतं, पण तिथे तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. तक्रारदार मी, आणि घाम मलाच.

गुन्हा काही नोंदवला नाही, नुसता अर्ज घेऊन शिक्का मारला. गणपतीनंतर या. गणपतीनंतर गेलो तर निवडणुकीचा बंदोबस्त. मग साहेबांची बदली. नव्या साहेबांना परत क्लचप्लेटपासून सुरुवात. मग आंगणेवाडीच्या जत्रेचा बंदोबस्त. देवीला माझा नमस्कार आहे, पण भामट्यांना सुट्टी नसते आणि आमच्या अर्जाला बारा महिने सुट्टी! बँकेत गेलो तर काचेमागच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग आम्ही काय करणार?"

हे सगळं आधी ठाऊक असतं तर मी त्यांच्याशी वेगळं बोललो असतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, पोच जपून ठेवायची. ऑनलाइन पैसे गेले आणि शंका आली तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासाभरात फोन करा. मी उशीर केला कारण मला आंबोलीच्या घाटापर्यंत फसलोय हेच माहीत नव्हतं.

ग्राहक आयोगाचं त्यातल्या त्यात बरं आहे. 2019च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. मी घेतला, कारण एका शहाण्याने सांगितलं की गाडी धंद्याला वापरता म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला धंदा असेल तर कायद्यात त्याला सूट आहे. पण नोटीस पाठवणार कुठे? पावतीवरच्या पत्त्यावर टायर पंक्चरचं दुकान आहे. आणि त्या पावतीवरचा जीएसटी नंबर 07 ने सुरू होतो. 07 म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा 27. घाटावरच्या दुकानाला दिल्लीचा नंबर कशाला? जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून बघायला एक मिनिट पुरतं.

व्हॉट्सॲपवर त्याने पहिल्याच दिवशी मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग लावली होती. मला वाटलं, जागा वाचवतोय. किंमत, '2800', 'नवा', 'गॅरंटी' हे सगळं पुसून गेलं. उरले ते बँकेचे मेसेज आणि पुतण्याने मजेत काढलेले दोन स्क्रीनशॉट. कुणी अशी सेटिंग लावली तर त्याच मिनिटाला व्यवहार थांबवा.

मागच्या आठवड्यात राजापूरच्या एका मावसभावाचा फोन आला. त्याला तोच लाल डबा घ्यायचा होता. म्हणाला, "तुझाच आवाज आहे रे त्याच्या रीलमध्ये, तू बिनधास्त घ्या म्हणतोस." रील उघडून बघितलं. माझाच आवाज, मागे तीच ढणढणती गाणी, किंमत आता 34,999. ते रील काढून टाकावं म्हणून ॲपवाल्यांना कळवलं तर उत्तर आलं की त्यात नियमबाह्य काही आढळलं नाही. मालवणी हेल काढून "एक नंबर काम" म्हणणारा तो माणूस मीच, पण ती क्लिप नव्या ऑइलच्या पहिल्या दिवसांतली आहे. ती ऐकून कुणी पैसे पाठवू नका, आणि पाठवायच्या बेतात कुणी असेल तर हे त्याच्यापर्यंत पोचवा.