एनपीटीईएलचा सोशल नेटवर्क्स कोर्स, आयटीवाल्यांनी एकदा कराच

बीईच्या चार वर्षांत आमच्या कॉलेजात रिसर्च पेपर म्हणजे शेवटच्या सेमला फाइलला लावायचा कागद, कुणी एक पेपर उघडून समजावून सांगितला नाही याचं अजून वाईट वाटतं. एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे कोर्स ऑनलाइन शिकवणारा सरकारी उपक्रम) आयआयटी रोपडचा हा कोर्स केला, माणसं किंवा वेबपानं एकमेकांशी कशी जोडलेली असतात याचा, तेव्हा पहिल्यांदा कळलं की सिलॅबसमधलं मुळात येतं कुठून. समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटरचा १९७३ चा पेपर घ्या, नोकरीची बातमी जवळच्या मित्रापेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त कळते, हे ऐकलं आणि माझी पहिली नोकरी आठवली, अगदी तसंच झालं होतं! मग ओळखींची अशी जाळी, म्हणजे ग्राफ, पायथॉनमध्ये काढायचे. पेजरँकसाठी (लिंकांवरून वेबपानाचं महत्त्व ठरवायची गूगलची पद्धत) तर मी वहीत चार वेबपानांच्या लिंका काढून हाताने गणित केलं, आकडे बदलत बदलत एका जागी येऊन थांबले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि झोप उडाली होती.

१२ आठवडे, व्हिडिओ फुकट. सर्टिफिकेट हवं तर फी भरून सेंटरवर परीक्षा, असाइनमेंटला २५ टक्के आणि परीक्षेला ७५. असाइनमेंट साठवू नका, दर आठवड्याला करून टाका. धाकट्या भावाला मी आत्ताच नाव नोंदवायला लावलंय.