४० एक्सचं दिवेवालं भिंग: डाय क्रॅक बघायला कितपत कामाचं?

सांगलीत सराफ कट्ट्याच्या आसपास सोनारकामाचं साहित्य मिळतं तिथे विचारा किंवा ऑनलाइन मागवा, '४० एक्स, २५ एमएम' असं कोरलेलं घडीचं भिंग कुठेही मिळेल. धातूचं झाकण, कडेला एलईडी, आत बटण सेल. एरर नाणी, म्हणजे छपाईत चूक राहिलेली नाणी, जमवायला लागणारे बहुतेक जण यापासूनच सुरुवात करतात.

भिंग घेण्यासारखं आहे, फक्त त्यावरचा चाळीसचा आकडा विसरा. तो घरीच तपासता येतो. दिवे बंद ठेवून भिंग पांढऱ्या कागदासमोर धरा, आणि लांबच्या खिडकीचं उलटं चित्र कागदावर स्वच्छ उमटेपर्यंत मागेपुढे करा. काच ते कागद हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून २५० ला त्याने भागा. २५ आलं तर भिंग दहापट. खरंच चाळीसपट असतं तर अंतर सव्वासहा मिलिमीटर भरायला हवं, आणि एवढ्या रुंद एकट्या काचेला ते शक्यच नाही. पण डाय क्रॅकला, म्हणजे ठशाच्या (डायच्या) तड्यामुळे नाण्यावर उमटलेल्या रेघेला, दहापट पुरतं. त्याहून मोठं करून बघितलं तर नाण्याचा एवढासा तुकडा दिसतो आणि रेघ कुठून कुठे गेली तेच कळत नाही.

खरी अडचण त्यातल्या दिव्यांची आहे. ठशाला तडा गेला की नाणं छापताना धातू त्या फटीत दाबला जातो, म्हणून डाय क्रॅक नाण्यावर नेहमी उठावाची येते. ओरखडा खोलगट असतो. हा फरक सावलीवरून कळतो, आणि भिंगातले एलईडी वरून उजेड टाकून नेमकी सावलीच पुसून टाकतात. ते बंद ठेवा. मोबाइलचा टॉर्च डावीकडे, नाण्याच्या जवळजवळ पातळीत आडवा धरा. भिंग डोळ्याला लावा आणि नाणं भिंगाकडे आणा.

आता आधी अक्षरं बघा, रेघ नंतर. अक्षरं उठावाची आहेत हे आपल्याला माहीत आहे. त्यांची सावली उजवीकडे पडली असेल. रेघेचीही सावली उजवीकडेच पडली तर ती उठावाची. उलटी पडली तर ओरखडा. नुसत्या रेघेकडे बघून ठरवू नका, डोळा खोलगटाला उठाव समजतो. आणखी एक फसगत: ओरखड्याने बाजूला सरकलेल्या धातूचे दोन बारीक वरंबे होतात आणि तेच उठाव वाटतात. मधली चर दिसते का ते बघा.

स्टीलच्या नाण्यांवर केसासारखे तडे भरपूर सापडतात, कारण स्टील कठीण आणि ठशावर ताण जास्त. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. सालाखालचं टिंबही नीट बघा. ठशाचा कपचा उडून आलेला ठिपका नोएडा टांकसाळीची खूण म्हणून खपतो; खरी खूण गोल आणि तिच्या ठरल्या जागी असते.

ठशाचा काठाकडचा तुकडाच पडला तर नाण्यावर काठाला टेकलेला, नक्षी नसलेला उंचवटा येतो. यालाच इंग्रजीत 'कड' (cud) म्हणतात (आपली मराठीतली नाण्याची कड वेगळी). असं नाणं हाती आलं की लगेच उलटून बघा. धातू समोरच्या पोकळीत गेल्यामुळे मागच्या बाजूला त्याच जागी छाप फिकी हवी. मागची अक्षरं ठणठणीत असतील तर वर डाग देऊन (सोल्डर करून) धातू चिकटवल्याचा संशय घ्या आणि वजन करा. तांबे-निकेलचं जाड पाच रुपयांचं नाणं ९ ग्रॅमचं. खऱ्या कडमुळे वजन वाढत नाही. सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं दुसरं नाणं, तीच रेघ त्याच जागी असलेलं. ओरखडा दुसऱ्या नाण्यावर तसाच पुन्हा येत नाही.

सातारा-सांगलीकडे घरोघरी शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) निघते, तेव्हा हेही सांगायला हवं: शिवराईच्या काठाला असलेली चीर बहुतेकदा ठशाची नसते. हातोड्याच्या घावाने तांब्याची चकतीच फाटलेली असते. तिथे धातूत फट दिसते, उठाव नाही.

भिंगाचे दोष सांगायचे तर काचेचा मधला भागच स्वच्छ, कडेला चित्र वाकतं आणि जांभळट झाक येते. बिजागरी सैल पडते. रोज तासभर बसणाऱ्याने थोडे जास्त पैसे घालून तीन काचांचं दहापटीचं ट्रिपलेट घ्यावं, त्यात कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. कुठलंही घ्या, दुकानात जाताना खिशात एक रुपयाचं नाणं न्या, टॉर्च आडवा धरून सालाचे आकडे बघा आणि मगच पैसे द्या.