बिलावर ५८००एक्स३डी, आत ५७००जी : सिम्युलेटरच्या पीसीत माझे ९०,००० रुपये गेले

फ्लाइट सिम्युलेटरसाठी (घरी संगणकावर विमान उडवायचा खेळ) पीसी असेंबल करून घ्यायचा विचार असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. बिलावर रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर लिहून मला आत रायझन ७ ५७००जी हा प्रोसेसर बसवून दिला. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं ठरलं होतं, निघालं ८ जीबीचं. करणारा परका कोणी नाही, आपल्याच सोलापूरचा आहे. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही, वकिलांनी तसं बजावलंय. पण त्याची पद्धत सगळी लिहितो, कारण हा माणूस अजून धंदा करतोय.

आधी हिशोब. प्रोसेसर २९,५००. ग्राफिक्स कार्ड २६,०००. मदरबोर्ड ९,८००. रॅम ३२ जीबी ६,२००. एसएसडी ५,५००. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ५,०००. कॅबिनेट ४,५००. झाले ८६,५००. वर 'सिम ट्यूनिंग' म्हणून ३,५००. एकूण ९०,०००. त्यातले २०,००० ॲडव्हान्स आणि डिलिव्हरीच्या दिवशी ४१,५०० हे यूपीआयने गेले. उरलेले २८,५०० रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "काका, जीएसटी १८ टक्के धरा, १५,५७० वर लागतील. कशाला उगाच? वॉरंटीला मी बसलोय की ओ." त्याने शिक्क्याचा कागद दिला, मी घेतला. नव्या पेठेपासून विजापूर रोडपर्यंत निम्मा व्यवहार अशाच कागदावर चालतो, हे इथे राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

मी न वाचता गेलो नव्हतो, हे पहिल्यांदा नीट समजून घ्या. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या सिम्युलेटरसाठी शिफारस केलेला प्रोसेसर आय५-८४०० किंवा रायझन ५ १५००एक्स आहे, सोबत १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं कार्ड. २०२४ च्या आवृत्तीला शिफारसच ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी कार्डाची आहे; आदर्श म्हणून ६४ आणि १२. पण हे आकडे नुसत्या सिम्युलेटरचे झाले. त्यावर सेसना १७२ हे छोटं विमान मजेत उडतं. ए३२० किंवा ७३७ या मोठ्या प्रवासी विमानाचं बारकाईने केलेलं ॲड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरला वरून जोडायचं विमान, घेतलं की मामला बदलतो. त्या विमानात हायड्रॉलिकचा दाब, विजेच्या वाहिन्या, इंजिनाचं तापमान, फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरची गणितं, सगळं क्षणाक्षणाला मोजलं जातं. ए३२० च्या कॉकपिटात मोठे सहा स्क्रीन असतात, तेही सतत नव्याने रंगवावे लागतात. यातला बराच भार प्रोसेसरच्या एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेवर, पडतो. तो थ्रेड अडकला की कार्ड कितीही भारी असू द्या, ते नुसतं वाट बघत बसतं.

म्हणूनच मला ५८००एक्स३डी हवा होता. त्यात ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, आहे. विमानाचा आणि आसपासच्या जमिनीचा जो डेटा प्रोसेसरला पुन्हा पुन्हा लागतो, तो हाताशी राहतो, दरवेळी रॅमकडे धावावं लागत नाही. ५७००जी मध्ये ही कॅशे १६ एमबी, म्हणजे सहावा हिस्सा. आणि दोन्ही रायझन ७, दोन्ही एएम४ सॉकेटचे, दोन्ही आठ कोर, सोळा थ्रेड. फसवणाऱ्याला याहून सोयीची जोडी मिळणार नाही. कार्डाचंही तेच. बिलावर आणि स्क्रीनवर नाव आरटीएक्स ३०६० च दिसतं, पण १२ जीबीवाल्याला १९२ बिटची बस (कार्डाच्या मेमरीकडे जायचा रस्ता) आणि सेकंदाला ३६० जीबीचा वेग आहे, ८ जीबीवाल्याला १२८ बिट आणि २४० जीबी. सोलापुरी चादरीचा शिक्का मारून भलतीकडचा माल विकतात, तसला हा प्रकार.

डेमो दाखवला होता. सेसना, आधीच हवेत, खाली मोकळं रान, कोपऱ्यात सेकंदाला साठ फ्रेम. मी खूश. अरे, सेसनाने काय सिद्ध होतं? ज्याला ए३२० उडवायचंय त्याने ए३२० च मागावं, आणि तेही मुंबईच्या गेटवर, इंजिनं बंद असताना, आसपासची विमानवाहतूक चालू ठेवून. हे करून दाखवायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून उठून यायचं.

आता तो क्षण, जो माझ्या डोक्यातून जात नाही.

डिलिव्हरी मे महिन्यात झाली. पारा त्रेचाळीसच्या वर, त्यात लाइट जाऊन-येऊन. विकणाऱ्या पोराने कॅबिनेट टेबलावर ठेवला, मॉनिटरची एचडीएमआय वायर घेतली आणि मागे वरच्या बाजूला, कीबोर्ड-माउसच्या पोर्टशेजारी खोचली. म्हणजे बोर्डाच्या पोर्टला. खाली आडव्या पट्टीत जे कार्डाचे पोर्ट असतात त्यांना नाही. बटण दाबलं. चित्र आलं. विंडोज सुरू झालं, डेस्कटॉप दिसला. मग त्याच्या लक्षात आलं, "कार्डाला लावतो," म्हणाला आणि पटकन वायर खाली खोचली.

५८००एक्स३डी मध्ये ग्राफिक्स नाहीच. बोर्डाच्या पोर्टला वायर लावली तर त्या प्रोसेसरवर स्क्रीन काळाच राहायला पाहिजे. ५७००जी मध्ये मात्र स्वतःचं ग्राफिक्स आहे. माझ्या डोळ्यांसमोर, दीड हातावर, पुरावा दिसत होता, आणि हा फरक मी वाचलेला होता! तेवढ्यात तो टास्क मॅनेजर उघडून दाखवायला लागला. "बघा काका, कंपनी बेस स्पीड ३.४ सांगते, तुम्हाला ३.८ चा पीस लागलाय." ३.८ हा ५७००जी चा बेस स्पीड आहे. त्याच खिडकीत खाली बारीक अक्षरात एल३ कॅशे १६.० एमबी लिहिलेलं होतं. त्याचं बोट ३.८ वर होतं, माझी नजर त्याच्या बोटावर.

आता कोणी म्हणेल, कळायला पाहिजे होतं. कसं कळणार? सिस्टिमच्या पानावर, टास्क मॅनेजरवर, सगळीकडे ठळक अक्षरात ५८००एक्स३डी लिहिलेलं होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या गावचा पोरगा चहा पीत बसलेला असताना नावच खोटं असेल ही शंका कोणत्या भल्या माणसाला येते? आणि जाताना दोन गोष्टी सांगून गेला, "बायोसला पासवर्ड टाकलाय, ट्यूनिंग बिघडायला नको" आणि "विंडोज नव्याने टाकू नका, सेटिंग जातं." बायोस म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारं बोर्डाचं सेटिंग. तेव्हा ती काळजी वाटली. हे दोन्ही शब्द कोणी उच्चारले की सावध व्हा.

पुढचे महिने नुसता मनस्ताप. होटगी रोडच्या विमानतळावरून ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, ते एटीआर ७२-६००. तोच मार्ग मला घरी उडवायचा होता, सोलापूरहून. सोलापुरात बरं चालायचं, इथे इमारतीच किती? ए३२० घेऊन मुंबईला उतरायला गेलो की फ्रेम वीसच्या खाली. शेवटच्या पाचशे फुटांत चित्र गचके खात पुढे सरकायचं, आणि नेमकं तिथेच विमान हातात पाहिजे असतं. फोन केला की एकच उत्तर, "सोलापूरचा उन्हाळा आहे काका, गरम होतंय." दोन जादा पंखे १,८०० रुपयांना बसवून गेला. हे १,८०० मी वरच्या ९०,००० मध्ये धरलेले नाहीत. ऊन गेलं, पाऊस आला, फ्रेम तेवढ्याच. ग्राफिक्सचं सेटिंग अल्ट्रावरून मीडियमवर आणलं तरी आकडा हलेना. ही खूण लक्षात ठेवा. सेटिंग खाली आणूनही फ्रेम वाढत नसतील तर अडचण कार्डात नाही, प्रोसेसरमध्ये आहे. सिम्युलेटरचा डेव्हलपर मोड चालू केला की फ्रेमच्या आकड्यासोबत 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' असं तो स्वतःच लिहून दाखवतो.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मामा, जरा वायर काढतो." एचडीएमआय वरच्या पोर्टला लावली. चित्र आलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मग सीपीयू-झेड चालवलं, हे सॉफ्टवेअर थेट चिपला विचारतं, विंडोजमधलं नाव वाचत नाही. रायझन ७ ५७००जी. कार्ड तपासणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये ८१९२ एमबी, म्हणजे ८ जीबी. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये, जिथून कामं आपोआप सुरू होतात, एक छोटी स्क्रिप्ट सापडली, ती दर वेळी विंडोज सुरू झालं की रजिस्ट्रीतलं, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतलं, प्रोसेसरचं नाव बदलायची. म्हणून विंडोज नव्याने टाकायचं नव्हतं! बोर्डावरचा बटणसेल काढून बायोस रिसेट केला, पासवर्ड गेला, आणि पहिल्याच पानावर खरं नाव. कार्डावरचा सिरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळत नव्हता. रॅमच्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या. मला घाम फुटला होता.

फोन केला तर पोरगा आधी "असं होऊच शकत नाही" म्हणाला, मग "डीलरने मला फसवलं" म्हणाला, मग उचलायचाच बंद झाला.

आता यंत्रणांचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो, सगळ्या स्क्रीनचे प्रिंटआउट घेऊन. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "माल मिळालाय ना? चालू आहे ना? मग फसवणूक कुठली?" मी सांगतोय की ठरलेला माल नाही, नाव बदलणारी स्क्रिप्ट मुद्दाम बसवलीय, हा बनाव आहे. तर म्हणे, "हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ झालंय. खोटं सांगून माणसाला पैसे द्यायला लावणं त्यात बसत नाही तर कशात बसतं? शेजारचा हवालदार म्हणाला, "गेमसाठी नव्वद हजार? या वयात?" पैसे माझ्या घामाचे, हौस माझी. चोरी झालेली वस्तू हौसेची आहे की गरजेची, यावर तक्रार घ्यायची की नाही हे ठरतं का? सोनं चोरीला गेलं तर विचारता का, एवढं सोनं कशाला घातलं होतं?

तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाल्यांचं म्हणणं, व्यवहार समोरासमोर झालाय, तो आमच्याकडे येत नाही, परत ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. बँकेत गेलो तर, "यूपीआय पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार?" १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पैसे गेल्या गेल्या केला तर रक्कम अडवता येते; मला कळेपर्यंत पाच महिने उलटले होते. आपल्याला फसवलंय हे ज्याला महिन्यांनी कळतं, त्याने कुठे जायचं? प्रत्येक टेबलावर प्रोसेसर म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची, समोरच्याने घड्याळ बघायचं, आणि शेवटी अर्जाच्या पोचेसाठीसुद्धा भांडायचं. पोच मात्र सोडू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

ग्राहक आयोगाचा रस्ता खरा आहे, पण तो कोणी नीट सांगत नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पक्कं बिल नसलं म्हणून दारातूनच परत येऊ नका. माझ्याकडे शिक्क्याचा कागद, ६१,५०० च्या यूपीआय नोंदी आणि "५८००एक्स३डी च टाकलाय काका" असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. वकील म्हणतात, उभं राहायला एवढं पुरे. रोख दिलेल्या २८,५०० ची मात्र मारामारी होणार आहे. रोख देऊ नका. कोणी १५,५७० वाचवतो म्हणाला तरी नाही.

प्रोसेसर बसवायच्या आधी त्याच्या धातूच्या झाकणावर कोरलेलं नाव स्वतः वाचा आणि फोटो काढा. एकदा पेस्ट लावून कूलर बसला की काही दिसत नाही. ५८००एक्स३डी घेतला असेल तर बोर्डाच्या पोर्टला वायर लावून बघा. पण ७८००एक्स३डी आणि त्या पिढीच्या चिपना थोडं ग्राफिक्स असतं, त्यांना ही परीक्षा लावू नका, तिथे एल३ कॅशे बघा, ७८००एक्स३डी ची ९६ एमबी दिसली पाहिजे. सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड आपल्या पेनड्राइव्हवर घेऊन जा, विकणाऱ्याच्या मशीनवरचं वापरू नका. 'सिम ट्यूनिंग' या नावाने कोणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका, त्या ३,५०० मध्ये माझ्या मशीनवर ती स्क्रिप्टच तेवढी बसवलेली सापडली.

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट भागात गेल्या वर्षभरात कोणी एक्स३डी चा पीसी कच्च्या बिलावर घेतला असेल, आणि बायोसला पासवर्ड असेल, तर आजच एल३ कॅशेचा आकडा बघा. १६ दिसला तर मशीन उघडू नका, विंडोज पुसू नका, ती स्क्रिप्ट हाच पुरावा आहे. स्क्रीनचे फोटो, पेमेंटच्या नोंदी आणि तारखा घेऊन मला कळवा. एकाच माणसाविरुद्ध एकाच प्रकारची तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगात एकत्र अर्ज करता येतो. मी माझा अर्ज तयार करून ठेवलाय, तुमच्या सह्यांसाठी काही दिवस थांबायची माझी तयारी आहे.