मिरचीतले पिवळे-निळे चिकट सापळे: सात महिन्यांचा अनुभव

आमच्या भोकरदन (जि. जालना) भागात उन्हाळी मिरची एप्रिल-मेमध्ये लावतात. मीही एक एकर लावली, मल्चिंग अन् ठिबकवर. गेल्या साली बोकड्याने, म्हणजे पानं मुरडून आकसणाऱ्या रोगाने, निम्मा प्लॉट उपटायची वेळ आली होती. म्हणून यंदा लागवडीच्या चौथ्याच दिवशी ३० सापळे, म्हणजे डिंक लावलेले रंगीत फलक, लावले, २० पिवळे अन् १० निळे. पिवळ्यावर पांढरी माशी, मावा, तुडतुडे येतात, निळा फुलकिड्यांसाठी.

सुरुवातच चुकली. रोपं वीतभर अन् सापळे बांबूला कमरेएवढ्या उंचीवर ठोकलेले. आठवडाभर फलक जवळपास कोरे, मी आपला खूश. पानं उलटून पाहिली तर खाली माशी बसलेली! मग खिळे काढले, सुतळीने बांधले, शेंड्याच्या चार बोटं वर. झाड वाढेल तसे सरकवत राहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय पैसे पाण्यात.

मे महिन्यात धुळीने वैताग आणला. रस्त्याकडचे सापळे चार दिवसांत मातीने माखायचे. त्यात मी १० सापळे स्वस्तातले आणले होते, त्यांचा डिंक उन्हात ओघळून खालच्या पानांवर आला. चांगल्या प्रतीचे मात्र पावसातही टिकले.

खरा उपयोग झाला तो मोजणीचा. पाच सापळे ठरवून घेतले, पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापली अन् दर सोमवारी-गुरुवारी तेवढ्याच चौकोनातले किडे मोजून वहीत लिहिले. आकडा लागोपाठ दोनदा चढला की पानं तपासायची अन् मगच पंप काढायचा. गेल्या साली डोळे झाकून दर आठव्या दिवशी फवारत होतो, यंदा मधले अंतर कधी १२ तर कधी १५ दिवसांवर गेलं. ऑगस्टमध्ये शेजारच्या कपाशीकडचे निळे फलक अचानक भरले, तेव्हा आधी त्याच कडेच्या ओळी फवारल्या.

पण याच भरवशावर सप्टेंबरमध्ये फसलो. पानं मुरडायला लागली, सापळे मात्र रिकामे. मी आठवडा थांबलो. एका जाणत्याने पान हातात घेऊन दाखवलं: फुलकिड्याने पान वर वळतं, हे खाली वळलंय, म्हणजे कोळी, पानातला रस शोषणारी बारीक कीड. कोळ्याला पंखच नाहीत, तो सापळ्यावर येईल कशाला? पांढऱ्या माशीची पिल्लंही पानाखालीच चिकटून रस शोषतात. तेव्हा भिंग खिशात हवंच.

फुलोऱ्यात निळ्यावर मधमाशा अडकू लागल्या, म्हणून सहा निळे काढून टाकले. मावा खाणारे ढालकिडेही अडकले, त्याचं वाईट वाटलं. एकदा सरडा चिकटला, तो गोडेतेल लावून हळूहळू सोडवला. तोड्याला आलेल्या बायांचे पदर तर रोजच चिकटायचे. "भाऊ, किडे राहिले बाजूला, आमचीच धरपकड चाललीय," असं एका मावशींनी सुनावलं. तेव्हापासून तोड्याच्या सकाळी वाटेवरचे सापळे आधी उतरवून ठेवतो.

आधी पत्र्याच्या डब्याला पिवळा रंग देऊन वर ग्रीसही लावून पाहिलं होतं. किडे धरतं, पण धूळ त्याहून जास्त धरतं अन् मोजणी काही होत नाही. पुढच्या साली विकतचेच घेणार, फक्त रस्त्याकडच्या बाजूला आधी मक्याच्या चार ओळी लावून.